घर विकायला काढलंय? पत्ता, कागद, सही आणि चावी देण्याचा क्रम चुकला तर काय होतं

सकाळी फ्लॅटची जाहिरात ऑनलाइन टाकली जाते. दुपारी फोन येतो. "जय हिंद सर, मी सीआयएसएफमध्ये आहे. पुण्याला पोस्टिंग झालंय. तुमच्या फ्लॅटचे फोटो बघितले, घरच्यांना आवडला. भाव करत नाही, टोकन आत्ताच पाठवतो." मग व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, आणि शेवटी एक क्यूआर कोड येतो. "हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे आमच्या ऑफिसचे पैसे तुमच्या खात्यात जमा होतील."

पिन टाकला जातो. पैसे जमा होत नाहीत, उलट खात्यातून जातात.

ही फसवणूक देशभर इतक्यांदा झाली आहे की पोलीस आणि बँका तिच्याबद्दल वर्षानुवर्षं सूचना देत आहेत. तरी ती चालते, कारण घर विकणारा माणूस सावध नसतो. घर घेणाऱ्याला सगळे बजावतात: टायटल तपास, वकील लाव, बिल्डरची माहिती काढ. विकणाऱ्याला मात्र वाटतं की पैसे तर आपल्यालाच मिळणार आहेत, मग आपलं काय जाणार?

जाण्यासारखं बरंच असतं. घर एका दिवसात विकलं जात नाही, ते टप्प्याटप्प्याने हातातून सुटतं. आधी फोटो आणि पत्ता बाहेर जातो. मग अनोळखी माणसं घरात येतात. मग कागदांच्या प्रती दिल्या जातात. मग सही होते. शेवटी चावी दिली जाते. घर विकताना होणारे बहुतेक गुन्हे एकाच कारणाने होतात: यातली एखादी गोष्ट तिच्या वेळेच्या आधी हातातून गेलेली असते. त्यामुळे कोणती गोष्ट कधी द्यायची, हे समजून घेणं महत्त्वाचं.

जाहिरातीत किती सांगायचं?

जाहिरातीचं काम खरा ग्राहक फोनपर्यंत आणण्याचं असतं. त्यासाठी भाग, क्षेत्रफळ, मजला, इमारतीचं वय आणि किंमत पुरते. फ्लॅट नंबर, विंगचं नाव आणि दाराचा फोटो लागत नाही.

फोटो काढण्याआधी खोलीकडे चोराच्या नजरेने एकदा बघावं. उघडं कपाट, तिजोरी, देवघरातली चांदीची भांडी, भिंतीवरचे मुलांचे फोटो, दाराच्या कुलपाचा प्रकार, कॅमेरे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे सगळं फोटोत दिसतं. "मालक परदेशात असल्यामुळे तातडीने विकणे" किंवा "फ्लॅट दोन वर्षं बंद आहे, कधीही बघू शकता" अशी वाक्यं ग्राहकासाठी लिहिली जातात, पण ती इतरही वाचतात. गॅलरीला लावलेल्या "विकणे आहे" बोर्डाचंही तसंच आहे. घर बंद असेल तर बोर्ड लावण्यापेक्षा सोसायटीच्या ऑफिसात आणि वॉचमनकडे नंबर ठेवलेला बरा.

एजंटमार्फत विकायचं असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीचं काम करणारा प्रत्येक छोटा एजंट तिथे सापडेलच असं नाही. तो सापडला नाही तर त्याचं ऑफिस बघावं आणि त्याच भागात त्याने करून दिलेल्या व्यवहारांची चौकशी करावी. कमिशन किती आणि ते कधी द्यायचं, हे लेखी ठरवावं.

टोकन घेताना

यूपीआयचा एक नियम लक्षात ठेवला तर सुरुवातीला सांगितलेली फसवणूक तिथेच थांबते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. "आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे", "आधी एक रुपया पाठवून बघा", "मदतीसाठी हे स्क्रीन दाखवणारं अॅप टाका" यातलं काहीही ऐकू आलं की फोन ठेवावा.

साधा विचार केला तरी गोष्ट जुळत नाही. साठ लाखांचं घर न बघता, भाव न करता, पहिल्याच फोनवर पैसे पाठवायला निघालेला ग्राहक कुठे असतो? आणि कर्मचारी स्वतःसाठी घर घेत असेल, तर त्याचं टोकन सरकारी ऑफिस कशाला भरेल?

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. यात पैसे खरंच खात्यात येतात. मग फोन येतो, "चुकून जास्त गेले, उरलेले या दुसऱ्या खात्यावर परत पाठवा." आलेले पैसे कुणा तिसऱ्याला फसवून काढलेले असू शकतात. त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग घेत पोलीस विकणाऱ्याच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठवलं जाऊ शकतं. म्हणून टोकन खरेदीदाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्यावं, चेकने किंवा बँक ट्रान्सफरने. परत करायची वेळ आलीच तर बँकेला कळवून ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत करावं.

पैसे आले की नाही, हे स्क्रीनशॉटवरून किंवा एसएमएसवरून ठरवू नये. दोन्ही खोटे बनवता येतात. स्वतःच्या बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघावी.

टोकन कितीही छोटं असलं तरी विसार पावती करावी. ठरलेली किंमत, मिळालेली रक्कम, उरलेली कधी द्यायची, आणि व्यवहार मोडला तर टोकनचं काय, या चार गोष्टी तिच्यात हव्यातच.

अनोळखी माणूस घरात येतो तेव्हा

घर दाखवणं ही रोजची गोष्ट वाटते. पण यातला धोका जगाला एका जुन्या प्रकरणाने दाखवून दिला. २८ जुलै १९८६ रोजी लंडनमध्ये सूझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची इस्टेट एजंट फुलहॅम भागात एका ग्राहकाला घर दाखवायला गेली. तिच्या डायरीत ग्राहकाचं नाव होतं फक्त "मिस्टर किपर". ती परत आली नाही. तिचा मृतदेह आजवर सापडलेला नाही आणि १९९३ मध्ये तिला मृत घोषित करण्यात आलं. तिच्या आईवडिलांनी १९८६ मध्येच तिच्या नावाने संस्था सुरू केली. लोकांची, विशेषतः एकटीने काम करणाऱ्यांची वैयक्तिक सुरक्षितता हा या संस्थेचा विषय आहे. ग्राहकाबद्दल एका आडनावापलीकडे काही माहीत नसणं किती महागात पडू शकतं, ते या प्रकरणात दिसतं.

आपल्याकडे घर बऱ्याचदा मालक स्वतः दाखवतो. अनेकदा घरात फक्त आईवडील असतात आणि मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, आज चार वाजता कुणीतरी येतील, दाखवून द्या." हे टाळता येतं. त्यासाठी काही साध्या सवयी पुरतात.

वेळ ठरवूनच घर दाखवावं, शक्यतो दिवसाउजेडी. न सांगता दारात आलेल्या माणसाला, तो कितीही सभ्य वाटला तरी, दुसरी वेळ द्यावी. येणाऱ्याचं पूर्ण नाव आणि नंबर आधी घ्यावा आणि त्या नंबरवर आपण फोन करून बघावा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये किंवा अॅपवर नोंद झाल्याशिवाय वर बोलावू नये. नोंद करायला कुरकुर करणारा ग्राहक गेला तरी चालेल.

घरात दोन माणसं असावीत. एकटं राहणाऱ्यांनी शेजारच्या काकूंना किंवा सोसायटीतल्या कुणाला त्या वीस मिनिटांसाठी बोलवून घ्यावं. खोल्या दाखवताना पाहुण्याला पुढे जाऊ द्यावं आणि आपण दाराच्या बाजूला राहावं. चार जण एकदम आले आणि एक स्वयंपाकघराबद्दल विचारत असताना दुसरा बेडरूमकडे वळला, तर सगळ्यांना पुन्हा एकत्र करावं. "एक एक खोली सगळे मिळून बघू" म्हणण्यात काही उद्धटपणा नाही.

घर दाखवण्याचे दिवस सुरू होण्याआधी दागिने लॉकरमध्ये जावेत. चेकबुक, पासबुक आणि कागदांची फाइल कपाटात कुलपाखाली ठेवावी. दाराजवळच्या खिळ्यावरची डुप्लिकेट चावी काढावी, कारण चावीचा फोटो काढायला दोन सेकंद पुरतात. पाहुणे गेले की खिडक्या, गॅलरीचं दार आणि गच्चीकडची कडी तपासावी. आतून काढून ठेवलेली एक कडी रात्री कामाला येऊ शकते. "दुपारी घरी कोण असतं?", "कधी बाहेर जाता?" अशा प्रश्नांना नेमकं उत्तर देण्याची गरज नसते.

कागदांची झेरॉक्स मागितली तर

खऱ्या खरेदीदारालाही कागद लागतात. गृहकर्जासाठी बँक आधीच्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती असा संच मागते. त्यामुळे कागद द्यायचेच नाहीत असं करता येत नाही. प्रश्न ते कधी आणि कसे द्यायचे, हा आहे.

स्वच्छ रंगीत प्रती चुकीच्या हातात पडल्या तर त्यांवरून बनावट मूळ कागद तयार होतात, खोट्या आधार आणि पॅनवर एक खोटा मालक उभा केला जातो आणि त्याच घरावर कर्ज उचललं जातं. खऱ्या मालकाला ते कळतं तेव्हा दारावर बँकेची नोटीस लागलेली असते. एकाच मालमत्तेवर अनेक कर्जं काढण्याचे प्रकार रोखण्यासाठीच २०११ मध्ये सरसाई ही केंद्रीय नोंदणी सुरू झाली. बँका तारण ठेवलेल्या मालमत्तांची नोंद तिथे करतात. थोडं शुल्क भरून कुणालाही तिथे शोध घेता येतो, आपल्या स्वतःच्या घराचाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. सुरुवातीला कागद फक्त दाखवायचे, तेही घरी किंवा वकिलाच्या ऑफिसात. प्रती द्यायच्या त्या विसार पावती झाल्यावर. प्रत्येक पानावर आडवं लिहायचं: कुणाला दिली, कशासाठी दिली, कोणत्या तारखेला. दिलेल्या कागदांच्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्यायची. मूळ कागद नोंदणी आणि पैसे यांचा टप्पा येईपर्यंत हातातून सोडायचे नाहीत, आणि बँकेत द्यायचे तेव्हा पोच घ्यायची.

आधारच्या बाबतीत आणखी काळजी हवी. ज्या प्रतीवर क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात, असं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं. शक्य तिथे तेच द्यावं. २०२३ मध्ये बंगळुरूत घराचे दस्त नोंदवलेल्या अनेकांच्या बँक खात्यातून पैसे गेले. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे वापरून हे केल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. आधारवर चालणाऱ्या पेमेंटमध्ये बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा यावर पैसे काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही. यावर उपाय म्हणजे आधारच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करणं. दस्त नोंदणीच्या दिवशी ते तात्पुरतं उघडावं आणि काम झालं की पुन्हा बंद करावं.

सहीनंतर मागे फिरता येतं का?

या प्रश्नाचं उत्तर देणारा एक निकाल प्रत्येक विकणाऱ्याला माहीत असायला हवा. गुजरातमधल्या एका कुटुंबाने २००९ मध्ये जमीन १ कोटी ७४ लाख २ हजार रुपयांना विकली. खरेदीखतात ३६ चेकचा उल्लेख होता. आपल्याला त्यातल्या सहा चेकचे मिळून फक्त ४० हजार रुपये मिळाले, बाकीचे ३० चेक खोटे होते, असं या कुटुंबाचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये ते कोर्टात गेले. तोपर्यंत जमीन पुढे विकलीही गेली होती. ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पूर्ण पैसे मिळाले नाहीत, एवढ्याच कारणाने नोंदणी झालेलं खरेदीखत रद्द होत नाही. विकणाऱ्याला उरलेल्या पैशांसाठी दावा करता येतो, आणि तोही मुदतीत करावा लागतो. या कुटुंबाचा दावा मुदतबाह्य ठरला.

"कागदावर सही करा, चेक देतोय ना" या वाक्यामागे किती धोका आहे, ते यातून कळतं. खरेदीखतात "संपूर्ण रक्कम मिळाली" असं लिहिलेलं असेल आणि पैसे खात्यात नसतील, तर त्यावर सही करू नये. चेक किंवा डिमांड ड्राफ्ट आहे म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. ड्राफ्ट खरा आहे का, हे तो काढणाऱ्या बँकेत स्वतः फोन करून किंवा जाऊन विचारावं, आणि त्यासाठी नंबर खरेदीदाराकडून घेऊ नये. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक दस्तात लिहून घ्यावेत.

रोखीचा मोहही टाळायला हवा. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. शिवाय रोख दिलेल्या नोटा खोट्या निघाल्या तर तक्रार तरी कशी करणार?

काही खरेदीदार उलटं सांगतात. "कागदावर किंमत वाढवून दाखवू, मला कर्ज जास्त मिळेल." रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्केच मिळतात. बाकीची रक्कम खरेदीदाराने स्वतः घालायची असते. ती घालायला लागू नये म्हणून किंमत फुगवली, तर बँकेला फसवणाऱ्या कागदावर विकणाऱ्याचीही सही असते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून सरकारकडे भरतो. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का, हे आयकर पोर्टलवर बघावं. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कर कापण्याचे नियम वेगळे आहेत.

आणि एक पक्कं ठरवून टाकावं: खरेदीदाराच्या किंवा एजंटच्या नावाने कुलमुखत्यारपत्र द्यायचं नाही. "सोसायटीची कामं मी करून घेतो, तुम्हाला हेलपाटे नकोत" असं म्हणत ते मागितलं जातं. कुलमुखत्यारपत्राने घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण त्यात विकण्याचा अधिकार लिहिलेला असेल, तर त्याच्या आधारे मालकाच्या वतीने खरेदीखत करता येतं.

चावी सगळ्यात शेवटी

"मुहूर्त चांगला आहे, पूजा करून घेतो." "रंगकाम सुरू करतो, पैसे पंधरा दिवसांत येतील." चावी लवकर मागण्याची कारणं अशी घरगुती असतात आणि नाही म्हणणं जड जातं. पण आत राहायला आलेल्या माणसाला बाहेर काढणं सोपं नसतं. लेखी कराराखाली ताबा मिळालेला आणि आपली बाजू पाळायला तयार असलेला खरेदीदार काही अटींवर कायद्याचं संरक्षणही मागू शकतो. त्यामुळे साठेखतातच लिहावं की ताबा पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर मिळेल. पूजेला घर उघडून द्यावं, सोबत थांबावं आणि कुलूप आपणच लावावं. चावी देताना ताबा पावती करावी, वीज मीटरचं रीडिंग त्यात लिहावं.

मालक दुबईत, फ्लॅट नाशिकमध्ये

बंद घरांना सगळ्यात जास्त धोका असतो, कारण खोटा मालक उभा राहिला तरी खऱ्याला पत्ता लागत नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. तिथे आपल्या मालमत्तेवर कोणते दस्त नोंदले गेले, ते सूची दोनमध्ये दिसतं. जमिनीसाठी महाभूमीच्या "आपली चावडी"वर फेरफाराच्या नोटिसा बघता येतात. दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटं दिली तर अनोळखी नोंद वेळेत लक्षात येते.

परदेशातून विकायचंच असेल तर कुलमुखत्यारपत्र विश्वासातल्या जवळच्या नातेवाइकाला द्यावं. ते एकाच घरापुरतं, ठरावीक मुदतीचं असावं आणि पैसे मालकाच्याच खात्यात जातील असं त्यात लिहावं. परदेशात केलेलं हे पत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

फसवणूक झालीच तर

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जाण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. चॅट, नंबर, व्यवहार क्रमांक यातलं काहीही डिलीट करू नये.

घर दाखवताना धमकी किंवा जबरदस्ती झाली तर ११२. कागदांचा गैरवापर झाल्याचा संशय आला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत संबंधित बँकेला आणि दुय्यम निबंधक कार्यालयाला पोच घेऊन द्यावी. सोसायटीलाही पत्र द्यावं. गुन्हा दुसऱ्या शहरात घडलाय म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही पोलीस ठाण्यात तशी नोंद करण्याची तरतूद आहे.

तक्रार करायला लाज वाटते म्हणून अनेक जण गप्प बसतात, विशेषतः घरातली मोठी माणसं. "एवढं शिकून फसलात?" असं ऐकावं लागेल, ही भीती असते. घरच्यांनी तो प्रश्न त्या दिवशी विचारू नये. त्या वेळी १९३० ला फोन लावून देणं जास्त उपयोगाचं.